सुटली म्हण

आईनं मला आयुष्यात एकच शपथ घातली, आणि तीही स्वतःच्या गळ्याची. मी बावीस वर्षांचा होतो. पलूसजवळच्या आमच्या गावातून सायकलवर जाता येईल अशा एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकताच चिकटलो होतो. पहिल्या दिवशी डबा घेऊन निघालो तर ही दारात आडवी. माझा हात धरला, स्वतःच्या गळ्याचं कातडं माझ्या चिमटीत दिलं आणि म्हणाली, "म्हण. दारूच्या दुकानाची पायरी चढणार न्हाई. बाटली तोंडाला लावणार न्हाई. आईच्या गळ्याशपथ."

मी म्हटलं. खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी उशीर नको म्हणून म्हटलं. त्या वयात माणूस कुणाचाही गळा कुठेही लिहून देतो.

तिला कारण होतं. वडील, म्हणजे आमचे दादा, फौजेतून पेन्शनीत आले ते एक काळी लोखंडी पेटी घेऊन, आणि त्या पेटीत कपडे कमी, कॅन्टीनची रम जास्त. सात वर्षांत त्यांचं लिव्हर गेलं आणि मागोमाग तेही गेले. पेटी तेवढी राहिली. आई तिच्यात गोधड्या ठेवायची.

गळ्याशपथेचा कायदा आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची घेतली त्याच्या जिवावर येतं. सुटका एकच. ज्यानं घातली त्यानं आपल्या तोंडानं 'सुटली' म्हणायचं. लहानपणी आम्ही बोरांवरून, गोट्यांवरून एकमेकांना शपथा घालायचो आणि मग मागे लागायचो, 'सुटली म्हण, ए, सुटली म्हण की.' समोरचा भाव खायचा आणि शेवटी म्हणायचा. आता मी पंचेचाळिशी ओलांडली आहे आणि मला या प्रकाराचा राग येतो. स्वतःची मान पोराच्या हातात द्यायची आणि वर म्हणायचं, बघ बाबा, तुझ्यावर आहे. याला माया म्हणतात. मी याला दमदाटी म्हणतो.

पण पाळली. तेवीस वर्षं पाळली. लग्नाच्या आदल्या रात्री मित्र उसाच्या फडात बसले तेव्हा मी लिंबू सोडा घेऊन राखणीला बसलो. कारखान्यातले लोक मला 'आईचं लेकरू' म्हणायचे, आणि माझ्या तोंडावर म्हणायचे.

मग कारखान्यानं आम्हाला चार दिवस पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं संध्याकाळी सगळे एका अशा ठिकाणी गेले जिथं काचेमागं मोठमोठ्या टाक्या होत्या आणि बिअर तिथंच तयार होत होती. दुकान नव्हे ते, हॉटेल; तेव्हा पायरी चढलो. बाकीच्यांनी प्यायली, मी वास घेतला. एका ग्लासात फिकट, वाळल्या गवताच्या रंगाची एल होती. एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार. तिला मधाचा वास होता, आणि तो वास म्हणजे थेट माझ्या आजोळचा. आईचं माहेर वाईच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मामा दर वर्षी मधाचा एक डबा पाठवतो आणि आई तो देवघरात, लेकरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवते, घरात लेकरं नसली तरी.

बनवणारा मनुष्य बोलका होता. मी त्याला विचारलं, मध घातल्यावर गोड कशी नाही झाली? तो हसला. म्हणाला, "साहेब, यीस्ट सगळा मध खाऊन टाकतं. गोडी उरत नाही. मधानं ती जड होत नाही, उलट हलकी होते. राहतो तो नुसता वास."

हे वाक्य माझ्या डोक्यात घुसलं ते घुसलंच. तेवीस वर्षं मी उसाच्या रसाची गोडी मोजतो. नमुना येतो, ब्रिक्स बघतो, म्हणजे रसात साखर किती ते बघतो, वहीत लिहितो, नमुना मोरीत ओततो. दिवसाला कित्येक नमुने. आजवर एक गोष्ट मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं केलेली नव्हती. मला ती एल करायची होती. प्यायची नव्हती, करायची होती. निदान बायकोला मी असंच सांगितलं.

बायको माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. तिच्याशी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. ती म्हणाली, "घरात दारू गाळनार म्हना की सरळ."

"गाळायची न्हाई. आंबवायची. ही एल हाय, हलकी."

"आवं, इंग्रजी नाव ठेवलं म्हनून हातभट्टी न्हाई व्हय ती? पोलीस आला तर त्याला सांगा, हलकी हाय म्हनून."

कायद्याच्या बाजूनं तिचं बरोबर होतं, परवान्याशिवाय असलं काही घरी करता येत नाही. ते मला माहीत होतं आणि तरी केलं. शपथेच्या बाजूनं मात्र मी निर्धास्त होतो. दुकानाची पायरी चढायची नव्हती, बाटली तोंडाला लावायची नव्हती. घरात करायला, वास घ्यायला, ब्रिक्स मोजायला कुणी अडवलं होतं?

जानेवारीत थंडी बरी होती तेव्हा घाट घातला. मोड आणून वाळवलेले सातू पुण्याहून मागवले आणि गावच्या गिरणीत भरडून आणले. गिरणीवाल्याला वाटलं म्हशीला भरडा. हॉप्स नावाचा कडू पाला हिरव्या गोळ्यांच्या रूपात पाकिटातून आला, तो दिसायला अगदी जनावरांच्या गोळी पेंडीसारखा. बायकोनं नमुन्याची पेंड समजून मूठभर म्हशीपुढं टाकला. म्हशीनं एकदा हुंगलं आणि माझ्याकडं जे बघितलं ते मला अजून आठवतं.

परसात चुलीवर पंक्तीचं पातेलं चढवलं. भरडा गरम पाण्यात तासभर धरला, गाळला, ते गोडसर पाणी पाला घालून उकळलं, आणि खाली उतरवल्यावर त्यात मामाचा मध ओतला. उकळतीत घातला तर वास उडून जातो. डब्यातला अर्धा मध गेला. आईनं देवघर उघडलं तेव्हा तिला डबा हलका लागला. तिनं विचारलं, "मध कुनी काढला रं?"

"कारखान्याचा प्रयोग हाय आई. मधाचा."

"आस्सं," ती म्हणाली. माझ्या नोकरीबद्दल तिला फार आदर होता. मी कारखान्यात काय करतो हे तिला कधीच कळलं नव्हतं, म्हणूनही असेल.

आता आंबवण्यासाठी एकसारखी गार जागा लागते, आणि आमच्या घरात तशी खोली एकच, आईची. बाकी घर आम्ही स्लॅबचं केलं, ती खोली जुन्या मातीच्या भिंतींची तशीच राहिली. तेव्हा ते निवल्यावर यीस्ट टाकून झाकणबंद बादली तिच्या कॉटशेजारी ठेवली. झाकणातून एक नळी निघून पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. आत आंबायला लागलं की वायू त्या नळीतून बाहेर पडतो, बुडुक, बुडुक. पहिल्या रात्री तिला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझा प्रयोग रातभर बोलत असतोय. सोबत व्हतीया."

वीस दिवसांनी बुडबुडे थांबले. सुरुवातीला ब्रिक्स साडेदहा होता, तो दीडवर उतरला. म्हणजे यीस्टनं साखर खाल्ली, मध खाल्ला, सगळं संपवलं. आता बाटल्या भरायच्या.

तो रविवार होता. बायको संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली होती. आई अंगणात गहू पाखडत बसली होती. मी बादली तिच्या खोलीतल्या टेबलावर चढवली, खाली अठ्ठावीस बाटल्या मांडल्या, नळी आत सोडली, आणि मग मी जे केलं ते कुठल्याही पुस्तकात करू नका म्हणून लिहिलेलं असतं. पण इकडचा माणूस तेच करणार. ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढताना, हौदातून पाणी काढताना जे करत आलो तेच हातानं आपोआप केलं. नळीचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं.

तोंड भरलं.

डिझेलचा घोट थुंकायची सवय असते. इथं मी थांबलो. गार, हलकं, जिभेवर जरा कडू, आणि मग कडूपणा ओसरला की मागून, टाळूच्या वर कुठंतरी, आजोळचा डोंगर. गोडी अजिबात नाही. मध गेलेला होता आणि तरी तो तिथं होता. आयुष्यात मी केलेली पहिली पूर्ण वस्तू माझ्या तोंडात होती.

मी गिळला.

आणि लगेच मनातला वकील उभा राहिला. बाटली कुठं तोंडाला लावली? नळी लावली. मी स्वतःशी हसलोसुद्धा. मग बाटल्या भरल्या, प्रत्येकीत फेसासाठी चिमूटभर साखर टाकली, पत्र्याची झाकणं दाबून बसवली. शेवटचं झाकण बसवत असताना अंगणात सूप पडल्याचा आवाज आला. मी आतूनच ओरडलो, "काय झालं गं?" उत्तर आलं नाही.

ती कुशीवर पडली होती. गहू अंगणभर. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात निर्जीव, डोळे उघडे आणि माझ्यावर.

शेजारच्या बायका धावल्या, कुणीतरी गाडी आणायला गेलं. गाडी यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मी काय केलं असेल? आई बायकांच्या मांडीवर होती, आणि मी आत जाऊन बाटल्या लपवत होतो. घरात आता माणसं येणार म्हणून. वडिलांच्या काळ्या पेटीतल्या गोधड्या बाहेर फेकल्या आणि अठ्ठावीस बाटल्या तिच्यात भरल्या. हे मी बायकोलाही सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

मिरजेला नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. डॉक्टरांनी विचारलं, ब्लडप्रेशरची गोळी घेत होत्या का? चार महिने बंद होती. 'आता बरं वाटतंय' म्हणून तिनंच बंद केली होती. म्हणजे कारण मिळालं, चांगलं शास्त्रीय कारण. मी बी.एस्सी. आहे. मी मान डोलावली. आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून मी फक्त एवढंच मोजत होतो की तो घोट आणि ते सूप यांच्यात किती मिनिटं गेली असतील.

जीव वाचला. पाय थोडा परत आला, हात नाही. वाचा गेली. ऐकू येतं, कळतं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघतो, 'न्हाई'.

"आई, चहा घेणार?" "न्हाई." आणि डावा हात कपासाठी पुढं.

बायको सासूला विचारायची, "आत्या, पंखा बंद करू?" "न्हाई." आणि बंद केला की चेहरा खुश.

'हो'लाही 'न्हाई', 'न्हाई'लाही 'न्हाई'. बायको पंधरा दिवसांत यात तरबेज झाली; ती डोळे बघून ओळखायची. मला जमत नव्हतं. मार्चमध्ये एक दिवस घरात आम्ही दोघंच होतो. मी तिच्या कॉटवर बसलो. तिच्या गळ्याचं कातडं चिमटीत धरलं, ते फार सैल झालं होतं. म्हटलं, "आई, माझ्याकडनं तुझी शपथ मोडली. सुटली म्हण."

ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "न्हाई."

आता सांगा. हा तिचा नकार होता, की तिचा शब्द होता? मी हसायला लागलो. ती पण हसली, वाकड्या तोंडानं. मग मी बाहेर जाऊन गोठ्यात रडलो.

तेव्हापासून मी अडकलो. कारखान्यात फक्त दिवसाची पाळी घेतली. सुटलो की घर. दहा महिन्यांत मिरजेच्या पलीकडे गेलो नाही. पुण्याच्या त्या बोलक्या माणसाचा फोन आला, एल कशी झाली म्हणून, तर मी सांगितलं बिघडली. तिला उठवायचं, बसवायचं, न्हाणीपर्यंत न्यायचं, हे सगळं मी बायकोच्या आधी पुढं होऊन करायचो. गावात नाव झालं. 'आईची सेवा बघावी तर ह्येची,' असं म्हातारी माणसं पोरांना सांगायची. मला ते ऐकवत नव्हतं. सेवा कसली, मी पहारा देत होतो. शपथ मोडलेली, सुटलेली नाही, म्हणजे अजून तिच्या मानेवर आहे, आणि मी जरा नजर हलवली की उरलेलं काम पुरं होईल, असं मला वाटायचं. दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या वाटायचं. बी.एस्सी. घरी ठेवून वाटायचं.

आणि कधीकधी तिचाच राग यायचा. तिच्या त्या 'न्हाई'चा. एवढे शब्द गेले, हा एकच कसा राहिला?

एप्रिलच्या उन्हात एक बाटली फुटली. बहुधा घाईत एखादीत साखर दोनदा पडली असणार. पेटी तिच्या कॉटखालीच होती, कारण दुसरी गार जागा नाही. लोखंडी पेटीत आवाज असा घुमला की मी परसातून धावत आलो. आई भिंतीला टेकून बसलेली. पेटीच्या फटीतून फेस बाहेर येत होता आणि खोलीभर वास. मधाचा होता, पण नुसता मधाचा नव्हता, आणि आईनं तो वास सात वर्षं नवऱ्याच्या अंगाला हुंगलेला. तिनं नाक वर केलं, दोनदा वास घेतला. पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"न्हाई," ती म्हणाली. हे मात्र मला नीट कळलं.

मी फडक्यानं फरशी पुसली. सगळ्या बाटल्या उचलून परसात नेल्या, एकेकीचं झाकण जपून उघडलं आणि नारळाच्या बुडात ओतल्या. सत्तावीसपैकी सव्वीस. एक ठेवली, ती का ते सांगता येत नाही.

मिरजेच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या, तरुण, हसऱ्या. त्यांनी व्यायाम दिले. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना, वरच्या ओठाला थोडा मध लावायचा आणि आजींना तो जिभेनं चाटायला सांगायचं. जीभ वळायला लागेल. "आणि रोजचं जे बोलणं असतं ना," त्या म्हणाल्या, "वर्षानुवर्षं न विचार करता म्हटलेलं, तेच आधी परत येतं. त्यांना त्यांच्या जुन्या जागी बसवा."

मध म्हणजे देवघरातला तोच, अर्धा उरलेला डबा. रोज सकाळी मी बोट बुडवायचो आणि तिच्या ओठांना लावायचो. आपल्याकडे मधाचं बोट लावणं म्हणजे फसवणं. मला रोज ते आठवायचं. ती जीभ बाहेर काढायची, ती भलतीकडं जायची, परत यायची, माहेरचा मध सापडला की डोळे मिटायची. एल काय आणि जीभ काय, दोन्ही एकाच डब्यावर चालू होतं.

जुनी जागा म्हणजे पुढच्या खोलीची खिडकी. तिथून चौक दिसतो, आणि चौकात रात्री मुक्कामी एसटी थांबते. सकाळी पावणेसातला सुटते. माझी शाळा, कॉलेज सगळं त्या गाडीवर झालं, आणि ती वर्षं आई त्याच खिडकीत उभी राहून माझ्यावर ओरडायची. कंडक्टरनं घंटी मारली की, "सुटली! सुटली बघ!" मग मी एका पायात चप्पल घालून पळायचो. मी मोठा झालो, सायकल आली, मोटरसायकल आली, तरी तिनं सोडलं नाही. गाडी हलली की ती आपली स्वतःशी म्हणायची, सुटली. मग चूल पेटवायची.

म्हणून ते ऐकलं तेव्हा मी अडाण्यासारखा उभाच राहिलो. गणपतीच्या आधीचे दिवस होते. ती खिडकीत बसली होती, मी दाढी करत होतो. बाहेर घंटी वाजली, दोनदा, गाडी हलली, आणि आई म्हणाली, "सुटली."

स्वच्छ. 'ट' वर जीभ बरोबर टेकवून.

बायको स्वयंपाकघरातून पळत आली. "आवं! आत्या बोलल्या! काय म्हनाल्या?" तिनं आईला मिठीच मारली. मामाला वाईला फोन झाला, शेजारणी आल्या. मी तोंडाला साबण लावलेला तसाच. साऱ्या भाषेतला तोच एक शब्द आला होता, आणि तो गाडीला म्हटला गेला होता.

मग माझ्यातला वकील परत जागा झाला. मी दुसऱ्या दिवसापासून साडेसहालाच तिच्याजवळ बसायला लागलो. आधी मधाचं बोट. मग ड्रायव्हर गाडी गरम करायला लागला की मी तिचा गळा चिमटीत धरायचो आणि भराभर म्हणायचो, "आई, शपथ मोडली, सुटली म्हण." टण टण. "सुटली," ती म्हणायची. खिडकीबाहेर बघत.

झालं की! अक्षरशः बघितलं तर झालं. पण समाधान होईना. ती माझ्याकडं बघतच नव्हती. उद्या नीट जमवू, असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. दसरा गेला, दिवाळी गेली. बायकोनं एकदा विचारलं, "रोज सकाळी आत्यांचा गळा धरून काय पुटपुटताय वो? नाडी बघताय का?" मी म्हटलं व्यायाम आहे. मला कळत होतं की मी आईला फसवून सही घेतोय. गळ्याशपथेला वकील चालत नाही, हे मला शाळेतच माहीत होतं.

थंडी पडली. त्या दिवशी मी नेहमीसारखा बसलो. मध लावला, तिनं चाटला. घड्याळात पावणेसातला दोन मिनिटं कमी होती. मी गळा धरला आणि म्हटलं, "आई, शपथ मोडली. सुटली म्हण."

घंटी नाही. मी थांबलो. घड्याळ पुढं गेलं. पुन्हा म्हटलं. बाहेर एक कुत्रं तेवढं भुंकलं. आमची गाडी रात्री मुक्कामाला आलीच नव्हती. म्हसवडच्या यात्रेला जादा गाड्या सोडल्या होत्या, त्यात आमचीही गेलेली, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझी चिमूट तिच्या गळ्याला, ती माझ्याकडं बघतेय, आणि मध्ये काहीच आवाज नाही.

गप्प बसवेना म्हणून मी बोलत सुटलो. म्हटलं, "आई, तो प्रयोग कारखान्याचा न्हवता. बिअर व्हती. तुझ्या माहेरच्या मधाची. नळीनं ओढली आन् तोंडात आली. थुकता येत व्हती, मी थुकली न्हाई. लय चांगली लागली म्हनून गिळली. चुकून न्हाई गं, मुद्दाम गिळली. आन् तू पडलीस तवा मी आदी बाटल्या लपवल्या. तू अंगनात, आन् मी बाटल्या भरत व्हतो. दादांच्या पेटीत. मला दारू नको, काय नको. तुझ्या मानेवरचं उतरू दे एवढंच."

तिनं डावा हात उचलला. माझी बोटं तिच्या गळ्यावर होती, ती एकेक करून सोडवली, आणि माझा हात माझ्याच मांडीवर ठेवून दिला.

"सुटली," ती म्हणाली.

मी खिडकीकडं बघितलं. चौक रिकामा होता.

"गाडी न्हाई आली आई आज."

"न्हाई," ती म्हणाली.

मला रडू आवरेना. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जरा जोरानंच, ठसका लागलेल्या पोराला चोळतात तसा. आत बायको उठल्याची चाहूल लागली. मी डोळे पुसले आणि विचारलं, "चहा टाकू?"

"न्हाई."

मी उठून चहा टाकला.